घासलेलं पितळ नको, मळकं द्या

मागच्या अंकात घरी काडतुसं भरण्याबद्दल, म्हणजे रिलोडिंगबद्दल, जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. बहुतेकांचा रोख एकच, रायफलीच्या वापरलेल्या पुंगळ्या विकत घ्यायच्या का, आणि घ्यायच्या तर काय बघून. ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच, काडतुसाचे भाग चार, पुढे बुलेट, आत दारू, बुडाला ठिणगी टाकणारा प्राइमर आणि हे तिन्ही धरून ठेवणारी पितळेची पुंगळी, म्हणजे केस. बार उडाला की पहिले तीन संपले, पुंगळी तेवढी उरते, म्हणून इथे अमेरिकेत शिकारी आणि नेमबाज मंडळी ती उचलतात, साफ करतात आणि परत भरतात. खालचं सगळं इथल्या हिशोबाने लिहिलंय. भारतात परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं हा सरळ गुन्हा आहे, तेव्हा गावाकडच्या मंडळींनी हे नुसतं वाचायचं, करून बघायचं नाही.

प्रश्न: काका नमस्कार. माझ्याकडे ३०८ विन्चेस्टरची बोल्ट ॲक्शन रायफल आहे, हरणाच्या सीझनला आणि अधूनमधून रेंजवर वापरतो. रिलोडिंगचा प्रेस नुकताच घेतलाय. गन शोमध्ये एक जण ५०० पुंगळ्यांची बादली विकत होता, मिलिटरीच्या आहेत, 'वन्स फायर्ड' आहेत म्हणाला, प्राइमर काढलेले, धुऊन घासून अगदी सोन्यासारख्या. दोन टेबलं सोडून दुसरा एक जण तशाच पण काळ्या मळक्या, प्राइमर आतच असलेल्या, थोड्या स्वस्तात देत होता. बायको म्हणते चमकणाऱ्या घे, धुवायचा त्रास वाचेल. पुढच्या महिन्यात परत शो आहे, काय करू? — नवशिका, डॅलस

उत्तर: भांडी असती तर वहिनींचंच खरं होतं. पुंगळ्या मळक्या घ्या.

आता का ते सांगतो, जरा लांबेल. 'वन्स फायर्ड' म्हणजे कारखान्यातून भरून आली, एकदाच उडाली आणि थेट तुमच्याकडे आली. हे विकणारा म्हणतो, आपण मान डोलावतो, पण पुरावा काय? मिलिटरीच्या पुंगळीत पुरावा असतो आणि तो बुडाला असतो. फौजेच्या काडतुसात प्राइमर सैल होऊन बंदुकीत अडकू नये म्हणून त्याच्याभोवती पितळ दाबून बसवतात, त्याला क्रिंप म्हणतात. नखाएवढ्या त्या प्राइमरभोवती एक बारीक दबलेली गोल रेघ दिसते, कधीकधी लाल किंवा हिरवट लाखेसारखा रंगही शिल्लक असतो. ती रेघ शाबूत असेल आणि जुना प्राइमर आतच असेल तर पुंगळी खरंच एकदाच उडालेली, कारण रिलोडिंग करणारा कुणीही परत क्रिंप मारत बसत नाही. मळक्यावाल्याने नकळत तुम्हाला पावतीच दिलीय. चकचकीतवाल्याने प्राइमर काढला, क्रिंप कापला, वर घासून घेतलं, पावती फाडून टाकली. लबाड असेल असं नाही, मेहनतच केलीय बिचाऱ्याने, पण आता ती एकदा उडालीय की सात वेळा हे त्यालाही सांगता येणार नाही.

तरी चमकणाऱ्या घ्यायचाच मोह झाला तर तोंड बघा. विकणाऱ्याचं नव्हे, पुंगळीचं, जिथे बुलेट बसते ती कड. कारखान्याची कड साधी सपाट असते. कुणी ती लांबी कमी करायला कापली असेल तर आतून बाहेरून तिरकी तासलेली, धारेसारखी चमकते, बोटाला कळते. तासलेली कड दिसली की समजायचं ही आधी कुणाच्या तरी बाकावर जाऊन आलीय.

माझं सांगतो. पहिल्या वर्षी मीही अशीच एक झगझगीत बादली आणली होती, कुणाकडून ते जाऊ दे, पैसे मीच मोजून दिले होते. दोनदा भरल्या, काही झालं नाही. तिसऱ्या वेळी रेंजवर बार झाला, आवाज जरा वेगळा वाटला, बोल्ट मागे ओढला तर बाहेर फक्त बूड आलं, दहा पैशाच्या नाण्याएवढं, आणि बाकीची नळी आत चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या खोबणीत, तशीच. मी बराच वेळ त्या बुडाकडे बघत बसलो होतो. डोळ्यावर चष्मा होता, काही लागलं नाही, पण त्या दिवशी घरी येऊन उरलेल्या सगळ्या पुंगळ्या एकेक करून तपासल्या तर ४० च्या वर भंगारात गेल्या.

हे असं का होतं तर ३०८ मध्ये आतला दाब ६२,००० पीएसआयपर्यंत परवानगीचा आहे, गाडीच्या टायरच्या जवळजवळ १,८०० पट. त्या दाबाने पितळ फुगून चेंबरला घट्ट चिकटतं आणि मागे वायू येऊ देत नाही, दाब उतरला की किंचित आक्रसतं आणि सुटतं, पितळ वापरतात ते याचसाठी. पण चेंबर ऐसपैस असेल तर भिंत पुढे चिकटून राहते, बूड मागे सरकतं आणि दोन्हीच्या मधे पितळ ताणून पातळ होतं. मशीनगनचं चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं असतं, धूळमातीत अडकू नये म्हणून, आणि मिलिटरीचं ७.६२, म्हणजे ३०८ चंच फौजी रूप, बऱ्याचदा मशीनगनमधून आलेलं असतं. अशी पुंगळी एकदाच उडालेली असली तरी ताण खाऊन आलेली असते. तोंड चेपलेलं, बुडावर इजेक्टरचा, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा, खोल ओरखडा, बुडाच्या वर पोट सुटलेलं असं दिसलं की ओळखायचं. मळक्या ढिगातही असा माल असतो, तेव्हा पुंगळ्या कुठल्याही घेतल्यात तरी तपासणी चुकत नाही.

तपासायचं कसं तर कागदाची क्लिप घ्या, सरळ करा, टोकाला अगदी छोटा काटकोनी आकडा वळवा आणि कानशीने टोकदार करा. तो आकडा पुंगळीच्या आत तळापर्यंत घालून भिंतीला टेकवत हळूच वर ओढायचा. बुडापासून पाव ते अर्ध्या इंचाच्या पट्ट्यात कुठे खाचेत अडकल्यासारखा झाला तर ती पुंगळी गेली, तिला दुसरी संधी नाही. बाहेरून त्याच जागी एक फिकट चकाकणारी कडी दिसू शकते, पण नुसत्या कडीवर जाऊ नका, साइझिंग डायची, म्हणजे पुंगळी दाबून परत मापात आणणाऱ्या साच्याची, खूणही तशीच दिसते, निकाल आकड्याचा. शंका वाटली तर ढिगातली एक पुंगळी हॅकसॉने उभी चिरून बघा, एकीचा बळी देऊन बाकीच्यांची तब्येत कळते.

आणखी एक, मानेजवळ निळसर तपकिरी झाक दिसली तर घाबरून परत करू नका. ती कारखान्यात मान तापवून नरम केल्याची खूण असते, फौजेच्या मालावर ती पुसत नाहीत. माझं बालपण पुण्यात कसबा पेठेत गेलं, तांबट आळीचा ठोक्यांचा आवाज डोक्यात आहे, तिथे तांब्याचं भांडं ठोकून ठोकून कडक झालं की भट्टीत घालायचे, नरम करायचे आणि मग परत ठोकायला घ्यायचे, नाहीतर तडकतं. पुंगळीच्या मानेचं तेच आहे, दर वेळी फुगणं आणि डायमध्ये दाबलं जाणं म्हणजे ठोकेच ते. फक्त पुंगळीची मानच तापवायची, बूड कधीच नाही. बूड नरम पडलं तर दाब कोण झेलणार? म्हणून आगीत सापडलेलं, शेकोटीतनं निघालेलं पितळ फुकट मिळालं तरी घेऊ नये, आणि कुणी घरच्या ओव्हनमध्ये भाजून नरम करतो म्हणाला तर त्याच्या शेजारी रेंजवर उभं राहू नये.

घेतल्यावरची कामं तुमच्या मॅन्युअलमध्ये आहेत, दोन तेवढी सांगतो. क्रिंप काढल्याशिवाय नवा प्राइमर बसवायला जाऊ नका, वाकडा चेपतो, त्यासाठी स्वेजिंग किंवा रीमिंगचं, म्हणजे ती कड दाबून किंवा कापून काढायचं, हत्यार लागेल, तो खर्च आत्ताच धरा. आणि मिलिटरीचं ७.६२ पितळ बहुधा जाड असतं, आतली जागा कमी, म्हणजे तेवढ्याच दारूत दाब जास्त. दुसऱ्या पुंगळ्यांचं दारूचं माप यांना लावू नका, मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून परत चढत या. लांबी ३०८ साठी २.०१५ इंचाच्या वर जाता कामा नये, कापून २.००५ वर आणतात.

प्रश्न: बादली वजनावर विकतायत, पौंडात किती येतात काही अंदाज? की मोजूनच मागू? — ओहायो

उत्तर: अंदाज आहे. एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन. पुढचे २२३, ३०८, ३०-०६ हे आकडे म्हणजे काडतुसांच्या जातींची नावं. २२३ ची पुंगळी जुन्या प्राइमरसकट साधारण ९५ ग्रेनच्या आसपास, म्हणजे पौंडाला ७० ते ७५ आल्या पाहिजेत. ३०८ च्या साधारण ४०, ३०-०६ च्या ३५ च्या आसपास. विकणाऱ्याच्या भावाला या आकड्याने भागा की नगाचा भाव निघतो आणि तोच नवीन पुंगळीच्या भावाशी ताडून बघा. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की दहातल्या दोन फेकाव्या लागतील असं धरूनही जर नव्याच्या निम्म्यात पडत असेल तरच वाकायचं, नाहीतर सरळ नवीन घ्यावं, डोक्याला ताप नाही.

आपल्याकडे जुना हंडा मोडीत घालताना आई आधी त्याच्या कानातली माती काढायला लावायची कारण भांडीवाला मातीचं वजन कापायचा, इथे उलटं आहे, तुम्ही भांडीवाले आहात. रेंजवरून फावड्याने उचललेल्या मालात वाळू, खडे, ओल सगळं वजनात येतं. शिवाय स्टीलच्या पुंगळ्या. त्यावर पितळेचा मुलामा असला तर डोळ्याला कळत नाही, खिशात लोहचुंबक ठेवा आणि बादलीत फिरवा, चिकटेल ते बाजूला. घरी आणल्यावर प्रत्येक पुंगळीच्या तोंडात एकदा डोकवा, मला ३०८ च्या मानेत घुसलेली २२ ची पुंगळी, खडा आणि एकदा तर कोळ्याचं अख्खं घर सापडलंय. आणि मधेच एखादं भरलेलं, न उडालेलं काडतूस असतं, ते टम्बलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या घोळवून साफ करणाऱ्या यंत्रात, गेलं नाही पाहिजे, म्हणून ओतायच्या आधी हाताने निवडायचं. तांदूळ निवडतात तसं, ताटात पसरून. ताट स्वयंपाकघरातलं नको, का ते पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न: दादा, मला यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, पण ह्यांनी हे नवीन खूळ घेतल्यापासून घरात रोज रात्री घरघर चालू असते. पुंगळ्या माझ्या सिंकमध्ये धुतात, माझ्या भाताच्या चाळणीत निथळायला ठेवतात, आणि परवा तर ओव्हनमध्ये वाळवल्या. वर म्हणतात गरम पाणी आणि साबण आहे, काय होतंय. सासूबाई आल्या होत्या त्यांनी पितांबरी आणि चिंच दोन्ही सुचवलं. घरात चार वर्षांची मुलगी आहे. हे ठीक आहे का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: ताई, अजिबात ठीक नाही आणि हे उत्तर यजमानांना मोठ्याने वाचून दाखवा.

प्राइमरमध्ये शिशाचं संयुग असतं. बार उडाला की त्याची राख पुंगळीत आणि प्राइमरच्या खळग्यात बसते, ते जे काळं दिसतं त्यात शिसं आहे. कोरड्या टम्बलरमध्ये मक्याच्या कणसाचा भुसा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा घालून घोळवतात, ते उघडून चाळलं की जी धूळ उडते ती नाकात जाते आणि फरशीवर बसते, आणि फरशीवर चार वर्षांचं पोर खेळतं. लहान मुलांना शिसं अगदी थोडंही वाईट, मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. ती चाळणी आजच त्यांच्या नावावर करून गॅरेजमध्ये पाठवा, परत भाताला वापरायची नाही, तुम्ही नवीन घ्या, पैसे त्यांच्या खिशातून. ओव्हन आतून नीट ओल्या फडक्याने पुसून काढा. मुलीच्या डॉक्टरांना सांगून तिची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, साधी तपासणी आहे, मनाला घोर राहणार नाही.

हा उद्योग गॅरेजमध्ये करावा, झाकण बाहेर अंगणात उघडावं, भुशात जुनं ओलसर फडकं कापून टाकलं तर धूळ बरीच धरली जाते. पाण्याने करायचं असेल तर स्वतंत्र बादली, थोडा साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड. हातमोजे घालायचे, झाल्यावर हात धुवायचे, तेही थंड पाण्याने आणि साबणाने, मग पाणी प्यायचं. त्याच कपड्यांनी मुलीला कडेवर घ्यायचं नाही.

सासूबाईंचं चिंचेचं म्हणणं तत्त्वाने चूक नाही, सायट्रिक ॲसिड काय आणि चिंच काय, आंबटच, पण चोथा पुंगळीच्या तळाच्या चिमुकल्या भोकात अडकून बसेल. जास्त वेळ आंबटात ठेवलं तर पितळ गुलाबी पडतं, वरचं जस्त निघून तांबं दिसायला लागतं, देवातल्या निरांजनाला चालेल, पुंगळीला नको. पितांबरी एकेका पुंगळीला बोटाने चोळत बसायची असेल तर निवृत्तीनंतर बघावं.

मात्र अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश, ब्रासोसारखं, कधीही नको, आणि यामागे आपल्याच देशातली गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. न वापरता, पेटीत पडल्या पडल्या, मानेजवळ उभी चीर. पावसाळ्यात होतं म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. नीट उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं, तर भानगड निघाली तबेल्याची. पावसात काडतुसं कोरडी राहावीत म्हणून तबेल्यात ठेवायचे आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया त्या दमट हवेत पितळ पोखरायचा, जिथे पितळ ताणात आहे तिथेच, म्हणजे बुलेट घट्ट धरलेल्या मानेवर. मान तापवून ताण काढून टाकला की तडकणं थांबतं. डॅलसच्या पत्रात ती निळी झाक सांगितली ना, तिचा हाही एक उपयोग. तेव्हा ताई, संडासाच्या कपाटात अमोनियाच्या बाटल्यांशेजारी त्यांनी पुंगळ्या ठेवल्या असतील तर त्याही हलवायला सांगा.

प्रश्न: २२३ आणि ५.५६ ची रिकामी पुंगळी वेगळी ठेवावी लागते का? — कॅरोलायना

उत्तर: ५.५६ हे २२३ चं फौजी रूप, बाहेरून मापं सारखीच, लांबीची मर्यादाही तीच, १.७६० इंच. भरलेल्या काडतुसाच्या दाबात आणि बंदुकीच्या चेंबरमध्ये फरक आहे, पण रिकाम्या पुंगळ्या कारखान्याच्या शिक्क्याप्रमाणे वेगळ्या लावल्या की पुरे. मला खरी भीती ३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाची वाटते. ती पुंगळी २२३ चीच कापून बनवता येते, त्यामुळे बुडावर शिक्का २२३ चा आणि आत भरायचा माल दुसराच, आणि भरलेलं ३०० चं काडतूस २२३ च्या चेंबरमध्ये घुसू शकतं. घुसून उडालं तर बंदूक फुटते. तेव्हा बादलीत आखूड, रुंद तोंडाच्या पुंगळ्या दिसल्या की वेगळ्या डब्यात, डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात, आणि दोन्ही एकाच दिवशी बाकावर काढायच्या नाहीत.

प्रश्न: मी एच-वन-बी वर आहे. बंदूक घ्यायचा विचार नाही, पण मित्राबरोबर रेंजवर जातो आणि तिथून पुंगळ्या उचलून आणतो, दोन डबे भरलेत. रिकामं पितळच तर आहे, विकून टाकीन म्हणतो. — अटलांटा

उत्तर: अहो थांबा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात 'ॲम्युनिशन' या शब्दाच्या व्याख्येतच रिकामी केस, प्राइमर, बुलेट आणि दारू हे सुटे भाग धरलेले आहेत. आणि तोच कायदा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना बंदूक आणि ॲम्युनिशन बाळगायला मनाई करतो. याला अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांना लागू पडणारा म्हणजे एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असणं. तुमच्याकडे ते आहे का हे पत्रात लिहिलेलं नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. दोन डबे पितळेपायी व्हिसा पणाला लावू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच, आणि तोवर पुंगळी जिथे पडते तिथेच राहू द्या, मित्र उचलेल.

हाताशी आहे म्हणून बाकीच्यांनाही सांगतो, स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, पण भरलेली काडतुसं विकायचा धंदा करायचा तर लागतं, टाइप ०६ म्हणतात. मी मित्रांना फुकटही देत नाही. माझं काडतूस त्याच्या बंदुकीत काय करेल याची खात्री मला नाही.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. एका वृद्ध शेजाऱ्याने गॅरेज आवरताना जुन्या ३०३ च्या पुंगळ्यांचा डबा मला दिला. त्यात पाचसहांवर के एफ अशी अक्षरं आणि ४० च्या दशकातली सालं आहेत. नेटवर बघितलं तर के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी! माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले, पुण्यातच असतात, ८४ वर्षांचे आहेत. दोन प्रश्न, या परत भरता येतील का, आणि डिसेंबरात जाताना एक त्यांच्यासाठी खिशात घालून नेली तर? — कॅलिफोर्निया

उत्तर: पत्र वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. खडकीची फॅक्टरी १८६९ ची, म्हणजे तुमच्या पुंगळ्या निघाल्या तेव्हाच ती सत्तरीची होती. कुठल्या बोटीने कुठल्या आघाडीवर गेल्या, तिथून अमेरिकेत एका गॅरेजमध्ये कशा आल्या, कोण सांगणार. इथल्या डब्यांमध्ये आपल्याकडचा आणखी एक शिक्का कधी सापडतो, ओ एफ व्ही, म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव, तो ७.६२ वर असतो. मला पहिल्यांदा सापडला तेव्हा भुसावळचा मित्र फोनवर ओरडलाच होता.

भरायच्या मात्र नाहीत. तोंडातून टॉर्च मारून तळ बघा, मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर पद्धत, बाजूला दोन बारीक भोकं असतील तर बर्दान. त्या काळातलं फौजेचं ३०३ बहुतेक बर्दान असतं. गंमत अशी की बर्दान हा अमेरिकन आणि बॉक्सर हा इंग्रज, दोघांची पेटंटं १८६६ ची, आणि अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली तर बाकीच्या बऱ्याच जगाने अमेरिकनाची. आपल्या साध्या डायमधली पिन मधल्या भोकातून प्राइमर ढकलते, बर्दानमध्ये मधे भोकच नाही, पिन मोडते. त्यातून जुन्या प्राइमरमध्ये पारा असायचा, तो पितळ ठिसूळ करून ठेवतो. त्यांचं काम संपलंय, एका बाटलीत घालून फडताळावर ठेवा.

खिशात घालून नेण्याबद्दल, नको. इथल्या विमानतळावर उडालेली रिकामी पुंगळी कदाचित जाऊही देतील, पण भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ॲम्युनिशनच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि सामानात काडतूस किंवा पुंगळी सापडली म्हणून विमानतळावर गुन्हा दाखल झालेली माणसं कोर्टात 'मला माहीत नव्हतं' सांगत वर्षं काढतात. तुम्हाला तर माहीत आहे, तेही म्हणता येणार नाही. शिवाय इथून बाहेर न्यायला निर्यातीचे नियम आहेत ते वेगळेच. किचेन बनवून, बॅगेच्या तळाशी, बाळाच्या डब्यात, कशीच नको.

त्यापेक्षा असं करा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो, तसं पुंगळीच्या बुडावर पातळ कागद धरा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. के एफ, साल, कडेची गोल रिम, सगळं उमटतं, मी माझ्या वरणगावच्या पुंगळीवर करून बघितलंय. सगळ्या सालांचे ठसे एका कागदावर घ्या आणि तो कागद न्या. वडिलांना चष्मा लावून बघू दे, त्यांच्या वेळेला बुडावर काय काय ठोकायचे, कुठलं अक्षर कशासाठी ते त्यांना विचारा, आणि ते जे सांगतील ते लिहून घेऊन मला पाठवा, पुढच्या अंकात जागा ठेवतो.